बास म्हटल्यावर

उचगाव,
२४ सप्टेंबर २०२४

पूर्णिमा वन्संना अनुजाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हा उद्योग. तुमच्या दादांचा उचलता, तुमच्या आईचा, आपल्या अव्वांचा, उचलता, माझाच तेवढा वाजून वाजून गप्प होतो. परवा ह्यांच्या मोबाइलवरून लावला, तर ‘बोल दादा’ म्हणालात आणि माझा आवाज ऐकल्यावर ‘रेंज न्हाय हितं’ म्हणून ठेवून दिलात. नेसरीची रेंज माझ्यापुरतीच जाते का हो?

असो. हात कसा आहे? गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी मनगटात प्लेट घातली एवढं ह्यांच्याकडून कळलं. टाके काढले का? दुखतं का? आणि भाकरीच्या ऑर्डरचं काय केलंत? गणपतरावांच्या खानावळीला रोज ढीगभर भाकऱ्या लागतात आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला तुमच्या हाताखेरीज दुसरी भाकरी चालत नाही, हे तुम्हीच यंदा गौरीला आलात तेव्हा चार बायकांत सांगितलं होतं. माझ्याकडे बघून सांगितलं होतं, हेही लक्षात आहे. राग नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

इकडे सगळीकडे आपलंच नाव आहे. ‘नणंद-भावजयीची अजिंक्य जोडी’ म्हणून पेपरात फोटो आला. पंधरा तारखेच्या त्या फुगडीच्या स्पर्धेत शेवटी दोनच जोड्या फिरत राहिल्या होत्या, एक आपली आणि दुसरी बावड्याची मोना नि तिची जाऊ, आणि आपण त्यांना खाली बसवलं, हे कुणी विचारलं तर मी सांगते, न विचारलं तरी सांगते. मग लोक पुढचं विचारतात. मी म्हणते, जिंकल्यावर वन्संचा पाय घसरला आणि त्या स्टेजच्या पायरीवर पडल्या. तुम्हीही दादांना हेच सांगितलंत ना? हळदीकुंकू सांडून फरशी घसरडी झालीच होती.

बक्षिसाचा मिक्सर खोक्यातच आहे. फुगडीत दोघी असतात हे त्या आयोजकांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं, बक्षीस एकच! अव्वा म्हणतात, ‘वापर की त्यो, का पूजा करतीस त्याची?’ मी म्हणते, वन्सं आल्यावर बघू.

उत्तर दाजींकडून लिहून घ्या. दोन ओळी चालतील.

अनुजा


नेसरी,
३ ऑक्टोबर

वहिनी,

डाव्या हाताने लिहिते आहे. कोंबडी चालून गेल्यासारखं अक्षर आहे, हसू नको. ह्यांच्याकडून लिहून घेतलं असतं, पण नवऱ्यानं लिहिलेल्या पत्रात बाईला काय सांगता येतं?

हात ठीक. टाके निघाले. भाकऱ्या शेजारीण देते, तात्पुरत्या.

माझा पाय घसरला. सगळ्यांना तेच सांगितलंय. तूही तेच सांगत जा.

मिक्सर तूच वापर.

पूर्णिमा


उचगाव,
९ ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

तुमचं एवढंसं पत्र, पण त्यातली एक ओळ सकाळपासून पुन्हा पुन्हा वाचते आहे. ‘माझा पाय घसरला.’

वन्सं, तुमचा पाय घसरला नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मागच्या पत्रात मी ती फरशी, ते हळदीकुंकू वगैरे लिहिलं, ते तुम्ही ‘हो’ म्हणाल का हे बघायला लिहिलं. तुम्ही ‘हो’ म्हणालात. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

तुम्ही ‘वहिनी, बास’ म्हणालात. मी ते ऐकलं. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, ताशा, सगळं होतं, पण तुमचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर होतं. मी काही बहिरी नाही. मोना दमली होती, तिची पावलं अडखळत होती, हेही दिसत होतं. पण खरं सांगते, मी मोनाला हरवायला फिरत नव्हते. मोना गेली खड्ड्यात.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात अव्वांनी माझी भाकरी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘नकाशा हाय ह्यो. आमच्या पूर्णीची बग जरा.’ तुम्ही तिथंच काटवटीपुढे पीठ मळत बसला होता आणि खाली बघून हसला होता. बावीस वर्षं झाली, ते हसणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हापासून आपण काय काय केलं आठवा. तुमच्या पोराला बारावीला किती, माझ्या लेकीला किती. तुमची गौर कशी नटली, माझी कशी. तुम्ही नेसरीला स्लॅबचं घर बांधलंत, तर मी गच्चीवर खोली काढून होईपर्यंत ह्यांना सुखानं जेवू दिलं नाही. त्या खोलीत आता कांदे पसरलेत.

आणि एवढ्या वर्षांत तुम्ही मला कधी ‘बास’ म्हणाला नव्हता. वाढताना नाही, भांडताना नाही, मंगळागौरीला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालात. ते मला इतकं गोड लागलं वन्सं, की मला आणखी एकदा ऐकायचं होतं. म्हणून मी हात आवळले आणि मागे रेलले. तुम्ही पुन्हा म्हणालात. नंतर तुमचे नुसते ओठ हलत होते. तेवढ्यात मोना बसली, बायका ओरडल्या, आणि मी टाळ्या घ्यायला दोन्ही हात वर केले.

फुगडी सोडायची रीत परकरी पोरीलाही माहीत असते. वेग उतरवायचा, पावलं लांब टाकायची, शेवटी एकमेकींच्या गळ्यात पडायचं आणि मग हात सोडायचे. मी तुम्हाला फिरती तशीच फेकून दिली. सोड म्हणालात तेव्हा धरून ठेवलं आणि धरायचं तेव्हा सोडलं. नंतर तुम्ही ‘पाय घसरला’ म्हणालात आणि मी निमूट त्या वाक्याच्या आड जाऊन बसले.

मला शिव्या घाला. पण फोन उचला.

अनुजा


उचगाव,
२५ ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. फोनही नाही. म्हणून मी सांगून टाकलं.

अव्वा चकलीची भाजणी भाजत होत्या, हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, वन्संचा पाय घसरला नव्हता, मी हात सोडला. त्यांनी ‘बास’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि चपला घालून बाहेर गेले. दोन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. आता जेवतात, पण बोलत नाहीत.

अव्वांचं ऐका. झारा हातातून खालीसुद्धा ठेवला नाही त्यांनी. म्हणाल्या, ‘म्या पुढच्याच खुर्चीवर बसलोतो की. डोळं काय गहाण ठेवलंतं?’

मी विचारलं, ‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’

‘पूर्णी म्हनली पाय घसरला. तिचा हात, तिचं बोलनं. पर तू कवा तोंड उघडतीस त्येच बगत हुतो.’

मग जाळ बारीक केला. आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘भाकरीवरनं मीच लावून दिली तुमची. मला वाटलं, ईर्ष्येनं शिकशील. ईर्ष्येनं मानूस शिकतंय व्हय गं, पर काय शिकतंय त्येचा न्येम न्हाय.’ म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. भाजणीचा धूर असेल म्हणून मी पदर पुढे केला नाही, आणि आता तेही मनाला लागून राहिलंय.

तीन तारखेला भाऊबीज आहे. या. माझ्याशी बोलू नका हवं तर, पण भावाला ओवाळायला या. मी दिवसभर वरच्या खोलीत कांद्यांजवळ बसेन.

अनुजा


नेसरी,
७ नोव्हेंबर

वहिनी,

भाऊबीजेला आले नाही. दादा इकडे यायला निघाला होता, त्यालाही आम्ही देवाला जाणार म्हणून सांगितलं. देवबीव काही नव्हतं. दिवसभर घरातच होते.

तू सांगून मोकळी झालीस आणि माझी पंचाईत केलीस. का ते आज लिहिते, कारण तू खरं लिहिलंस आणि मी अजून खोटीच आहे.

तुला वाटतं मी ‘पाय घसरला’ म्हणून तुला वाचवलं. वहिनी, तेवढी मी चांगली नाही. पायरीवर पडले तेव्हा कळ मस्तकात गेली होती. तरी त्या कळीतही डोकं चालत होतं. हिनं सोडलं म्हणावं, तर ही चारचौघांत रडेल, पाया पडेल, दोन दिवसांत फिटंफाट. पाय घसरला म्हणावं, तर ही जन्मभर माझ्यापुढे मान वर करणार नाही. रिक्षात मी हाच विचार करत होते. भूल चढेपर्यंत त्याचंच समाधान होतं. घरी आल्यावर तुझा फोन वाजायचा, तो मी उशाशी ठेवून वाजू द्यायचे. हे म्हणायचे, ‘उचल की गं.’ मी म्हणायचे, ‘वाजू द्या.’ बरं वाटायचं मला.

आणि फुगडीचं म्हणशील, तर मला कधीपासूनच चक्कर येत होती. तू आधी ‘बास’ म्हणशील म्हणून मी दम धरला होता. पायाखालची फरशी दिसेनाशी झाली तेव्हा तोंडातून शब्द गेला. तू जर आधी म्हणाली असतीस ना, तर मीही सोडलं नसतं. हे लिहून देते. तुझं ‘आणखी एकदा ऐकायचं होतं’ वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग वाटलं, रागवायचं कुणावर? दोघी एकाच माळेचे मणी.

तुझी भाकरी बघून मी हसले होते, तेही खरं. ती एवढी वाईट नव्हती. अव्वा माझी वाट बघते, माझं नाव काढते, हे नव्या सुनेपुढे ऐकायला गोड लागलं म्हणून हसले.

आता तू अव्वाला सांगितलंस. म्हणजे मोठेपणाही तूच घेतलास. माझ्याकडे एक गोष्ट होती तुझ्यावर वरचढ, तीही गेली. म्हणून आले नाही भाऊबीजेला.

पूर्णिमा


उचगाव,
१३ नोव्हेंबर

वन्सं!

पाकीट उघडलं आणि आधी मी वाचलंच नाही. नुसतं अक्षर बघत बसले. केवढ्या सरळ ओळी! वेलांट्या कशा गोल! पानभर लिहिलंत आणि एकही ओळ खाली घसरली नाही. म्हणजे हात बरा झाला! मला मुद्दाम सांगितलं नाहीत, टांगून ठेवायला. ठेवा हो, हवं तेवढं ठेवा.

मग मजकूर वाचला. तुम्ही जे लिहिलंय त्याचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दोन महिने मला वाटत होतं, जगात माझ्याएवढी नीच बाई नाही. आता निदान जोडी तरी आहे. फोन वाजू देत होतात हे वाचून तर हसूच आलं. मीही तेच केलं असतं.

पत्र ह्यांना दाखवलं नाही, आत काय काय आहे म्हणून. पण पाकिटावरचा पत्ता दाखवला. ‘बघा, उजव्या हातानं लिहायला लागल्या तुमच्या पूर्णाबाई.’ हे कधी नव्हे ते हसले आणि ‘चहा टाक’ म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. अव्वांनी मला तेव्हाच अंबाबाईला पाठवलं ओटी भरायला. येताना पेढे आणले, गल्लीत वाटले. आणि मिक्सरचं खोकं फोडलं. शेंगदाण्याची चटणी केली. अव्वा म्हणाल्या, ‘पाट्याची सर न्हाय,’ पण दोनदा मागून खाल्ली.

गणपतरावांची ऑर्डर पुन्हा सुरू केलीच असेल. पहिली भाकरी दाजींना घाला.

रात्री मला गाढ झोप लागली, वन्सं.

अनुजा


नेसरी,
२० नोव्हेंबर

वहिनी,

हे पत्र डाव्या हाताने लिहिलं आहे. मागचंही डाव्यानेच होतं.

अक्षर सुधारलं, कारण डावा हात शिकला. उजवा परत येणार नाही असं डॉक्टरांनी दसऱ्याच्या सुमारालाच सांगितलं. हाड जुळलं, पण मनगट वळत नाही. तळवा वर करायला गेले तर अर्ध्यावर अडकतो, बोटांत जोर नाही. तेव्हापासून रोज दुपारी जुन्या पेपरच्या कडेला डाव्या हाताने गिरवत बसते. दादाला येऊ दिलं नाही तेही यासाठीच. ओवाळताना तबक धरता येत नाही हे त्याला दिसलं असतं, आणि मग तुलाही कळलं असतं.

लिहायला एक हात पुरतो. पीठही एका हाताने मळता येतं. भाकरी थापायला दोन लागतात. शेजारणीच्या भाकऱ्या खानावळीतून परत यायला लागल्यात. गणपतराव म्हणतात, डिसेंबरअखेर बघतो, नाहीतर गडहिंग्लजहून मागवतो. पोट भरेल गं आमचं, ह्यांचं शेत आहे. पण नेसरीत मला पूर्णिमा म्हणून कोण ओळखतं? भाकरीवाली म्हणून ओळखतात. ती ऑर्डर गेली की मी कोण?

तू पेढे वाटलेस हे वाचून आधी हसले, मग रडले. तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? थोडं त्यासाठीही लिहिते.

मी तुला माफ केलेलं नाही. करायला बसले होते. मग लक्षात आलं, माफ केलं की मी वर आणि तू खाली. नाही केलं तरी मी वर आणि तू खाली. या खेळाचा आता कंटाळा आला. तेव्हा ते राहू दे.

तू इकडे ये. तुझ्याकडे दोन हात आहेत, माझ्याकडे रीत आहे. मी सांगेन तशी थाप. तुला शिकवणं माझ्या जिवावर येणार आणि माझ्याकडून शिकणं तुझ्या. तेवढ्यापुरती तरी बरोबरी.

पूर्णिमा


उचगाव,
१२ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

काल संध्याकाळी तुमच्याकडून निघून सुखरूप पोचले. इतके दिवस एका चुलीपुढे बसून जे बोलता आलं नाही, ते लिहिते. आपल्याला पत्राचीच सवय लागली वाटतं.

तुमचं ते पत्र आलं तेव्हा डब्यात चटणी शिल्लक होती. ती मी गाईला घातली. गल्लीत ज्यांना पेढे दिले होते त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, हात बरा झालेला नाही. लोक म्हणाले, ‘असूं दे वो, तुमास्नी काय म्हाईत?’ मला काय माहीत नव्हतं, ते मला माहीत आहे.

आज सकाळी मिक्सर घेऊन बावड्याला मोनाकडे गेले. एकदा वापरलाय, धुऊन पुसून दिलाय, म्हटलं. ती म्हणाली, ‘का वो? जिंकलासा की तुमी.’ मी म्हटलं, ‘न्हाय. तुम्ही बसायच्या आधी आमच्यातल्या एकीनं बास म्हटलं होतं.’ ती काही केल्या घेईना. शेवटी तिच्या ओट्यावर ठेवून आले.

गणपतराव टोपली घेऊन आले तो दिवस आठवतो ना? त्यांनी वरची भाकरी उचलली आणि अव्वांसारखीच उजेडाकडे धरली. माझे कान तापले. ‘पूर्णाक्का, ही कुनाची वो? गिऱ्हाईक इचारतंय, हात बदलला काय.’ तुम्ही लगेच म्हणालात, ‘माझीच हाय, हात अजून जरा...’

तुम्ही ते का म्हणालात, मला माहीत नाही. मला वाचवायला, की पुन्हा वर बसायला, की नुसती सवय. मी विचारणार नाही. पण मला तो हॉल दिसला, तुम्ही पायरीवर पडलेल्या, आणि तोंड मिटून उभी असलेली मी. म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडले मी, की बाहेरचं कुत्रं उठलं. ‘माझी हाय ती.’

‘तुमी कोन, पावणं?’

‘ज्या बाईनं ह्यांचा हात घालवला, ती.’

गणपतरावांनी तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ऑर्डर गेली. ‘मग शिका की नीट,’ म्हणाले, ‘म्हैनाअखेर लांब हाय अजून.’ आणि रिकामी टोपली ठेवून गेले. तुम्ही खाली बघून हसलात. बावीस वर्षांपूर्वीसारखंच. या वेळी मलाही आलं हसू.

आता शेवटच्या सकाळचं. मी थापत होते, तुमचा डावा हात माझ्या मनगटावर होता. बोटं कशी फिरवायची ते तुम्ही न बोलता सांगत होता आणि भाकरी, मी खरंच सांगते, गोल होत होती. मी काठाला पाणी लावलं. आणखी लावलं. तुम्ही म्हणालात, ‘बास.’

माझे हात जागच्या जागी थांबले. तुमच्या कधी लक्षात आलं, मला कळलं नाही. ‘पानी बास म्हटलं, वहिनी. थाप की,’ म्हणालात. मला थापता येईना. तुम्ही माझ्या मनगटावरचा हात काढला आणि कोंबड्या हाकलून येते म्हणून अंगणात गेलात. अंगणात कोंबड्या नव्हत्या.

तेवढ्यात काठ सुकून भाकरीला भेग पडली. ती मी टोपलीत घातली नाही. तव्यावर टाकली, भाजली आणि उभ्या उभ्या एकटीनं खाल्ली. नकाशाच होता.

सोमवारी सकाळच्या गाडीने परत येते. पीठ मळून ठेवा, थापायचं माझ्याकडे.

अनुजा